मागच्या ओळीपर्यंत

४ नोव्हेंबर १९७३

ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. माझे कर्णे गल्लोगल्ली ओरडून आता दुकानात पालथे पडलेत. मीही पडलोय. अंग नुसतं आंबलंय. तरी लिहायला बसलो, कारण ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही, आणि पोटात ठेवली तर पोट फुटेल.

मला ऐकू येईनासं झालंय.

डावा कान केव्हाच गेला. एका कानावर माणूस निभावून नेतो. पण आता उजव्यानंही काढता पाय घेतलाय. ईदगाहवर माझ्या मशीननं शिट्टी धरली होती. माइक आणि कर्णा समोरासमोर आले की मशीन किंचाळतं, ती शिट्टी. लाऊडस्पीकरवाल्याला ती झोपेतसुद्धा ऐकू यावी. आणि मी शेजारी बसून अत्तराचा फाया कानात कोंबत होतो! माझा मेहुणा अल्लाउद्दीन धावत आला आणि बटण फिरवून गेला. मी म्हटलं, "अरे, कुठवर चढतंय ते मुद्दाम बघत होतो." तो वायरी ओढतो, सांगेल तेवढं करतो. त्याच्या असलं काही लक्षात येत नाही, हे एक बरं.

चोरून डॉक्टरकडे गेलो तर त्यानं विचारलं, आधी काय करत होता? म्हटलं, कापडाच्या मिलमध्ये, साचेखात्यात, मागांवर. शेकडो साचे एकदम खडखडतात तिथं जवानी गेली. तो म्हणाला, तिथंच शिरा मेल्या, औषध नाही, यंत्र लावा कानाला. लावतो हो! सगळ्या सोलापूरला आवाज पोचवणारा मकदूम स्वतः कानात बटण खुपसून बसलाय, हे बघायला लोक तिकीट काढून येतील.

लग्नं-बारशी काय, कुणीही करील. पण शुक्रवार पेठेतल्या संगीत मंडळाचा माइक पहिल्या बैठकीपासून माझ्याकडे आहे. तो गेला तर मी नुसता कर्णे भाड्यानं देणारा. हे कुणाला कळता कामा नये. निदान हा मोसम.

११ नोव्हेंबर

शिवलिंगप्पा अण्णांनी बोलावलं होतं. अण्णा मंडळाचे सेक्रेटरी, धंदा पेंडीचा. त्यांचं शुक्रवार पेठेतलं गोदाम थंडीत रिकामं करतात, तिथं बैठका होतात. कितीही धुतलं तरी शेंगदाण्याच्या पेंडीचा वास जात नाही. बाहेरगावचे गवई आधी नाक मुरडतात, मग सवय होते.

गेल्या साली दुष्काळापायी मोसमच झाला नाही. यंदा अण्णांच्या डोक्यात नवं खूळ. म्हणाले, "मकदूमभाई, नुसता ख्याल लावला की तीच ती माणसं येतात आणि तिथंच डुलक्या काढतात. यंदा सगळं करू की. नाट्यगीत, कानडी भक्तिवचनं, कव्वाली, व्हायोलिन, लावणी. शेवटाला ख्याल. सगळं गाव येऊ दे की एकदा."

कमिटीतले शंकरप्पा वकील तिथंच होते. ते म्हणाले, सगळं गाव येणार असेल तर माइकही तसा हवा. मोहोळच्या ज्ञानबानं पुण्याहून ट्रान्झिस्टरचं नवं मशीन आणलंय, आवाज कसा आरशासारखा. हे मी ऐकलं नाही, वकिलांच्या ओठांवर वाचलं. साचेखात्यात बारा बारा तास कुणाचा शब्द ऐकू येत नसे. सगळे ओठ वाचायचो नि हातानं बोलायचो. ती विद्या आता कामाला येतेय.

अण्णा म्हणाले, "यंदा मकदूमभाईच. पुढचं शेवटच्या बैठकीनंतर ठरवू."

म्हणजे एक मोसम मिळाला. आधीच दमलोय, अजून पहिली सतरंजी उलगडायची आहे.

१८ नोव्हेंबर

पहिली बैठक. नाट्यगीतं. ऑर्गन मोठा आणि गाणारा त्याहून मोठा, त्यामुळे अब्रू वाचली. सूर कुठं लागतोय ते कळत होतं. तानेतलं मात्र निम्मं गाळलं गेलं, पीठ चाळल्यासारखं.

आवाज कमी की जास्त हे मला कळणार कसं, या काळजीनं सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. मग मागच्या ओळीत निंगप्पा दिसला. साचेखात्यात माझ्या शेजारचे साचे त्याच्याकडे. पेन्शनीत निघालेला माणूस, गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, पण फुकट आहे म्हणून येतो. नजरानजर झाली तशी त्यानं सवयीनं साचेखात्यातली खूण केली. तळवा छातीशी आडवा, म्हणजे सगळं ठीक. मला एकदम सुचलं. मी भुवई उडवली, कसं काय? त्यानं तळवा थोडा वर केला. मी बटण थोडं चढवलं. त्यानं तळवा आडवा धरला.

बैठकभर असंच चाललं. बिचाऱ्याला वाटतंय, जुना दोस्त गप्पा मारतोय. आणि मी त्याच्याकडून माझं काम काढून घेतोय! थोडी शरम वाटली. पण गरजवंताला अक्कल नसते.

२ डिसेंबर

वचनांची बैठक. अक्कलकोटकडचे बुवा, सगळं कानडी. कानडी मला बोलता येतं, ओठांवर वाचता येत नाही, हे आज कळलं. बुवा मध्येच थांबून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मी मान हलवली आणि आवाज चढवला. पुढच्या बायकांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले. निंगप्पाचा तळवा मागून भराभरा खाली. उतरवला तेव्हा सगळे हसले. मीही हसलो, जसं काही गंमतच केली होती.

घरी येऊन जेवलो नाही. अजीजा म्हणाली, "क्या हुआ जी?" म्हटलं, पित्त.

५ डिसेंबर

आमच्या घरात एक नवीन चाल पडलीय. अजीजा बोलायची असली की आधी समोर येऊन उभी राहते, पदर मागं सारते आणि मग तोंड उघडते. पाठमोरी एक शब्द बोलत नाही. पूर्वी चुलीशी बसून, भाकरी थापत, माझा सगळा उद्धार करायची. आता हातातलं काम टाकून येते आणि म्हणते, "इधर देखो." मी म्हटलं, म्हातारपणी हुकूम चालवायला लागलीस. ती म्हणाली, "हौ, चलाती."

अण्णांचंही तेच. चांगले फूटभर अंतरावर येऊन, दात दाखवत, एकेक शब्द चावून बोलतात. त्यांनी नवी कवळी बसवलीय. ती मिरवायची हौस, दुसरं काय. मला मात्र सोयीचं पडतं.

१६ डिसेंबर

कव्वाली. या अल्ला, काय दिवस होता!

पूर्वी अशा दिवशी मला घाम फुटायचा, आठ गळे आणि माइक दोन. आज उलट झालं. टाळ्या जमिनीतून माझ्या मांडीत येत होत्या. ढोलक पोटात वाजत होता. शब्दही सगळे पाठ, अब्बांच्या मांडीवर बसून ऐकलेले. मधल्या गाळलेल्या जागा मी मनातून भरल्या. कुणाचं गाणं किती आणि माझं किती, कोण जाणे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. गुलबर्ग्याचा तो मुख्य कव्वाल उठून माझ्यापाशी आला आणि माझा हात त्यानं डोळ्यांना लावला. त्याला काय माहीत मी कशासाठी रडत होतो.

शंकरप्पा वकीलसुद्धा म्हणाले, आज माइक छान. निंगप्पाचा तळवा एकदाही हलला नाही.

२३ डिसेंबर

आज मेलो असतो तर बरं झालं असतं.

व्हायोलिनची बैठक. गावाच्या पूर्व भागातला एक पद्मशाली विणकर, दिवसा चादरीचा हातमाग आणि संध्याकाळी व्हायोलिन. आंध्रात जाऊन शिकून आलेला माणूस. तो वाजवत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. काही म्हणजे काही नाही. मृदंग तेवढा धपधप करत होता. गज वर जातोय, खाली येतोय, माणसं माना डोलवताहेत, एक म्हातारा डोळे पुसतोय, आणि माझ्यासमोर जसा मुका सिनेमा. मशीनवर हिरव्या डोळ्यासारखा एक दिवा आहे, आवाज आला की तो मिटतो-उघडतो. त्याच्याकडे बघत बसलो. तो उघडझाप करत होता म्हणून कळत होतं की व्हायोलिन वाजतंय.

मग माणसं एकदम कानांवर हात ठेवून माझ्याकडे वळली. शिट्टी. निंगप्पा उभा राहून दोन्ही हात खाली दाबत होता. मी बटणावर झडप घातली. किती वेळ वाजत होती, खुदा जाणे. व्हायोलिनवाल्यानं मात्र गज खाली ठेवला, मला नमस्कार केला आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

वकील माझ्यासमोरच अण्णांना म्हणाले, "अण्णा, आता पुरे. ज्ञानबाला कळवू." अण्णांनी पाठ फिरवली, त्यामुळे काय उत्तर दिलं ते समजलं नाही. नंतर माझ्याकडे येऊन, कवळी दाखवत म्हणाले, "जुनं मशीन आहे, व्हायचंच की. घरी जाऊन झोपा."

माझं मशीन जुनं आहे, पण ठणठणीत आहे. हे सांगताही येईना.

१४ जानेवारी १९७४

गड्ड्याची जत्रा. सगळ्या गावाचे कर्णे सिद्धेश्वरापाशी, माझेही. एक पाळणेवाला, एक मौत का कुआँ, एक कानाचं औषध विकणारा. तिघांनाही मशीन माझंच. कानाच्या औषधाची बाटली घेऊन बघावी असं मनात आलं. त्याच्या कर्ण्याखाली उभा राहिलो, खिशात हात घातला, आणि परत आलो. किती मूर्खपणा माणूस करू शकतो!

दमणूक आता अशी झालीय की झोपून जात नाही. दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघत राहणं हे ओझी उचलण्याहून जड काम आहे. संध्याकाळपर्यंत डोळे भाजल्यासारखे होतात.

२० जानेवारी

लावणी. गोदामाच्या बाहेर, भिंतीवरसुद्धा माणसं. घुंगरू दिसले, ऐकू आले नाहीत. ढोलकी मिळाली. निंगप्पानं सांभाळून घेतलं, म्हणजे मी त्याच्याकडून करून घेतलं. याहून जास्त लिहायला हात चालत नाही.

१ फेब्रुवारी

अक्कम्माबाई आल्या. धारवाडकडच्या. सत्तरी उलटलीय, पाऊणशे असतील. अण्णांच्या घरी उतरल्यात. मंडळ निघालं तेव्हा पहिली बैठक यांचीच होती आणि पहिला माइकही मी यांच्यासमोरच ठेवला होता. तेव्हा म्हणाल्या होत्या, "हे काळं कणीस माझ्या तोंडासमोरून काढा, मला गिळेल." समजूत घालता घालता पुरेवाट झाली होती.

आज माइक पारखायला बसल्या. आवाज आता अगदी बारीक झालाय म्हणे. मला त्यांचे ओठ हलताना दिसले आणि गळ्यावरची शीर. बस.

अल्लाउद्दीन मागच्या भिंतीपाशी उभा राहून मान हलवत होता, ठीक, ठीक. मी आवाजाच्या दोन पेट्या नव्या जागी लावल्या. वायर भिंतीच्या कडेनं नेली. मशीनच्या मागचे स्क्रू स्वतः आवळले. परवा ज्ञानबा मोहोळहून ऐकायला येणार आहे, वकिलांनी बोलावलंय. म्हणजे परवा जे होईल ते. शिट्टी झाली तर माझा निकाल तिथंच लागला.

रात्री अजीजाला म्हटलं, दुआ माग. ती म्हणाली, मी येणार बैठकीला. आजवर कधी आली नव्हती. म्हटलं, तुला काय कळतं ख्यालातलं? म्हणाली, "आपकू क्या करना?"

३ फेब्रुवारी

लिहू तेवढं थोडं. आजच्यासारखा माइक मी जन्मात चालवला नाही.

सुरुवातीला थोडी गडबड झाली. बायकांच्या बाजूनं एक आजी उशिरा आल्या, अडखळल्या, दोन-तीन जणांनी त्यांना धरलं. अक्कम्माबाई क्षणभर थांबल्या, अण्णांकडे बघितलं. अण्णा हात जोडून उभे राहिले. बहुतेक व्यत्यय आला म्हणून माफी मागितली. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पदर सावरला, तंबोरा लावणाऱ्या मुलीला काहीतरी सांगितलं आणि डोळे मिटले.

आणि मग काय गायल्या असतील! मला ऐकू आलं नाही, पण मी बघितलं. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या. हात कधी नव्हे एवढा वर जात होता. सत्तरीपलीकडची बाई, एवढी ताकद आणली कुठून? गोदामात कुणी हालचाल करीना. खोकला आला तर लोक तोंडात रुमाल कोंबत होते. दारातल्या शेंगवाल्यानं टोपली खाली ठेवली. असा सन्नाटा मी बघितला नव्हता.

थोड्या वेळानं अजीजा उठली. मला लाजच वाटली, बैठकीत असं मध्ये उठायची रीत नाही. ती सरळ पुढं जाऊन बाईंच्या पायांशी बसली. तिच्यामागून बायका उठल्या, मग पुरुष, मग मागची सगळी ओळ. एकमेकांना चिकटून, मांडीला मांडी लावून, व्यासपीठाला वेढा घालून बसले. शंकरप्पा वकीलसुद्धा कोट काढून जमिनीवर. गाणं असं रंगलं की माणसाला जागेवर राहवत नाही, ते हेच.

निंगप्पाही पुढं सरकला होता. तरी मधूनमधून वळून तळवा आडवा धरायचा. ठीक. सगळं ठीक. हिरवा डोळा झकास उघडझाप करत होता. मी बटणाला दोनदाच हात लावला, तोही अगदी केसभर.

ज्ञानबा माझ्या शेजारीच बसला होता. कोवळा नाही, चाळिशीचा माणूस आहे. आधी मशीनच्या मागं डोकावून बघत होता, मला राग आला. मग डोळे मिटून ऐकत बसला. शेवटी उठताना माझा हात धरून समोर येऊन म्हणाला, "काका, आमच्या मशीनला हे जमलं नसतं."

ज्ञानबानं म्हटलंय हे! आता वकील काय बोलणार?

मशीन उचलायला गेलो तर अल्लाउद्दीननं हात लावू दिला नाही. तुम्ही दमलात, मी नेतो म्हणाला. घरी आलो. अजीजाचे डोळे लाल. म्हटलं, कसं वाटलं गाणं? म्हणाली, "बहुत अच्छा." आणि स्वयंपाकघरात गेली. तीन महिन्यांनी आज भूक लागलीय.

५ फेब्रुवारी

उद्याच्या लग्नासाठी मशीन काढलं. अल्लाउद्दीननं ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. माझं मशीन कधी माळ्यावर नसतं. खाली घेतलं, झाकण उघडलं आणि वास आला. करपलेल्या लाखेसारखा वास.

कान गेलेत, नाक शाबूत आहे. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता. हा कधी जळतो ते मी झोपेतही सांगेन. मशीन चालू आहे, माइकचा आवाज आत येतोय, पण पुढं पेट्यांची वायर जोडलेली नाही, तर सगळा जोर आतल्या आत कोंडतो आणि तो जळतो. हिरव्या डोळ्याला त्यातलं काही कळत नाही. तो माइकच्या बाजूला असतो, उघडझाप करत राहतो.

झाकण परत न लावता मी अल्लाउद्दीनची वाट बघत स्टुलावर बसलो.

अल्लाउद्दीन आला. माझं तोंड बघून दारातच थांबला. मी विचारलं, "वायर कधी निघाली?"

तो म्हणाला, आजी अडखळल्या तेव्हा. त्यांचा पाय वायरीत अडकला, मशीनच्या मागून ती उपसून आली. मी जोडायला धावत येत होतो, अण्णांनी मनगट धरलं आणि बाईंपुढं हात जोडले.

म्हणजे सुरुवातीपासून. म्हणजे सगळी बैठक. बाईंनी माइक मेलेला असताना ओरडून गायलं. लोक पुढं सरकले ते मागं ऐकू येत नव्हतं म्हणून. वकील जमिनीवर बसले. ज्ञानबानं मागं डोकावून लोंबणारी वायर बघितली आणि मला म्हणाला, आमच्या मशीनला हे जमलं नसतं. आणि मी! मी बटण केसभर फिरवत होतो. त्या बटणाला खालीवर काही नव्हतं. सगळ्या गावासमोर बसून मी हवेला बटण लावून फिरवत होतो.

स्वयंपाकघरात गेलो. ओरडलो असेन, कारण शेजारीण दारात आली. अजीजाला म्हटलं, तुला माहीत होतं? कधीपासून?

तिनं हात धुतले, समोर आली, पदर मागं सारला. "रमजान के पैले से."

"आणि बोलली नाहीस?"

"आप बोले क्या?"

मग ती रडायला लागली आणि मला तिचं रडणंही ऐकू येत नव्हतं, नुसते खांदे हलत होते. यापुढचं लिहीत नाही.

७ फेब्रुवारी

निंगप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको मल्लव्वा चहा ठेवायला आत गेली. मी त्याला शिव्याच दिल्या. म्हटलं, तू तळवा आडवा धरत होतास, सगळं ठीक म्हणून. काय ठीक होतं रे?

तो म्हणाला, "गाणं ठीक व्हतं की."

"मी बहिरा झालोय हे तुला कधी कळलं?"

"पैल्याच बैठकीला. माझा थोरला भाऊ साचेखात्यात बहिरा झाला, सासरा झाला, आपल्या मुकादमाचा चुलता झाला. आमाला न्हाय कळणार तर कुणाला? तू तोंडाकडं बगाय लागलास, तवाच वळकलं." मग म्हणाला, "तुला काय वाटलं, मी गाणं ऐकाय येतो व्हय? मला त्यातलं काय कळतंय? हात दावाय येत हुतो."

म्हणजे त्याच्याकडून मी काम काढून घेत नव्हतो. मी हसलो का रडलो, मल्लव्वाला विचारायला हवं.

परत येताना राग उतरला नव्हता. लोक चांगले आहेत, बरोबर. पण अक्कम्माबाईंचा घसा बसलाय, गरम पाण्यावर आहेत असं अण्णांच्या घरून कळलं. दारातला शेंगवाला, भिंतीपलीकडची माणसं, ज्यांना पुढं सरकायला जागाच नव्हती, त्यांना काय मिळालं? माइक कशासाठी असतो? शेवटच्या माणसापर्यंत गाणं जावं म्हणून. माझी अब्रू राखायला त्यांनी माझं कामच मोडलं. आणि मी ते मोडू दिलं. असा मोसम मला पुन्हा नको. कुणी हात जोडून दिला तरी नको.

१० फेब्रुवारी

आज कमिटीची बैठक. गोदामात पेंडीची पोती परत यायला लागलीत, आम्ही पोत्यांवरच बसलो. अण्णा, वकील, आणखी चारजण. ज्ञानबालाही बोलावलं होतं. निंगप्पा न बोलावता आला आणि दारापाशी बसला.

अण्णा समोर आले, कवळी दाखवली आणि म्हणाले, "पुढच्या मोसमाचं ठरवायचं. मला वाटतं, मकदूमभाईंचंच चालू ठेवू की. वकीलसाहेब, तुमचं?" वकिलांनी मान डोलवली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी उभा राहिलो. माझा आवाज मला पुरता ऐकू येत नाही, त्यामुळे मोठा आला की बारीक, माहीत नाही. म्हटलं, "अण्णा, मला ऐकू येत नाही. डावा कान नाही, उजवा जवळजवळ नाही. हा मोसम मी तसाच काढला. पुढचा माइक ज्ञानबाला द्या. चांगला माणूस आहे. पेट्या कुठं लावायच्या, या गोदामात आवाज कुठं अडतो, ते मी त्याला दाखवीन. पण बटणाला हात तो लावील."

अण्णांनी दोन्ही हात गालांवर मारून घेतले.

"काय सांगता मकदूमभाई! ऐकू येत नाही? तुम्हाला?"

वकिलांनी चष्मा काढला. "अहो, शक्यच नाही. आमच्या कधी लक्षात कसं आलं नाही?" आणि शेजाऱ्याकडे वळून, "तुमच्या आलं होतं का हो?" शेजारी जोरजोरात मान हलवायला लागला, नाही नाही म्हणून. ज्ञानबा खाली बघून पोत्याचा सुतळीचा टाका उसवत बसला. अण्णा तर पुन्हा पुन्हा कपाळावर हात मारत होते. मिलच्या गणपतीत नाटकं करायचे म्हणे तरुणपणी. काम दिलं कुणी असेल, इतकं वाईट. दारात निंगप्पानं तोंड फिरवलं, त्याची पाठ हलत होती.

मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. इतके दिवस बघतोय, एकेक ओठ पाठ झालाय. एकालाही धड खोटं बोलता येत नाही. काय करावं अशा माणसांचं?

मी खाली बसलो आणि म्हटलं, "तुमच्या कसं लक्षात येणार, अण्णा? मी कळूच दिलं नाही."

"तेच की," अण्णा म्हणाले. "तेच की."